बर्फ लागलेला आकडा

मी आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. माणसांचं सोडा, आमच्या कुंभकोणातला सारंगपाणी देव सुखानं निजलेला होता, त्याला मी ही गोष्ट सांगितली तर तो ‘काय सांगतोस!’ म्हणून अर्धा उठला. तो अजून तसाच अर्धा उठलेला आहे. देवळात जाऊन बघा.

माझं नाव वेणुगोपाळ राव. डॉक्टर अंबुजांच्या वडिलांपासून ते थेट डॉक्टर अंबुजांपर्यंत, एकाच दवाखान्यात मी एकतीस वर्षं कंपाउंडर होतो. आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यात इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्याहून आलेला एक पाहुणा म्हणाला, ‘राव, तुमची मराठी ऐकून आमच्या पणजोबांना भेटल्यासारखं वाटलं.’ मी म्हणालो, ‘मग नमस्कार करा.’

निवृत्त झालो तरी दर शनिवारी मी दवाखान्याच्या ओसरीवर हजर असतो. शनिवार एचआयव्हीच्या रोग्यांचा. जुनी माणसं येतात ती आपापसात भाज्यांचे भाव बोलत येतात. नवी माणसं मान खाली घालून येतात आणि चपलांकडे बघत बसतात. डॉक्टरम्मा, म्हणजे आमच्या डॉक्टर अंबुजा, मला म्हणतात, ‘राव, आत बोलावेपर्यंत ह्यांना काहीतरी सांगत बसा. खोटं सांगितलंत तरी चालेल, फक्त औषधाबद्दल खोटं नको.’ ही अट मी आजवर पाळली आहे.

तर परवाच्या शनिवारी, म्हणजे नव्याण्णव सालच्या मार्गळी महिन्यात, डिसेंबरच्या थंडीत, ओसरीवर सहा-सात जण होते. त्यात तिरुभुवनम्‌चा त्यागराज नावाचा रेशमाचा विणकर अगदी नवा होता. हातातल्या चिठ्ठीची घडी घालायची, उघडायची, पुन्हा घालायची, असं त्याचं चाललं होतं. चिठ्ठीवर एक आकडा असणार हे मला न बघता कळलं. कोपऱ्यात आमची नेहमीची बाई पितळी पेल्यांतून कॉफी ओतत होती. मी तमिळमध्ये सुरुवात केली. इथं घरच्या भाषेत लिहितो.

‘त्यागराजा,’ मी म्हणालो, ‘किती आहे?’

‘दोनशे दहा, ऐय्या.’

‘बस, एवढंच ना? माझा तर एकशे दहा होता.’

त्यानं मान वर केली. ओसरीवरच्या सगळ्यांनीच केली. गोष्ट सुरू करायची ती अशी.

हा आकडा कसला, ते आधी सांगतो. आपल्या रक्तात शिपाई असतात. आजाराशी लढणाऱ्या पेशी. धडधाकट माणसाच्या टाचणीच्या टोकाएवढ्या थेंबात हजारभर, आठशे, सातशे. हा विषाणू त्या शिपायांनाच एकेक करून खातो. दोनशेच्या खाली आले की किल्ला पडायला आला असं समजायचं. किल्ला पडायला किती वर्षं लागतात? अमेरिकेतल्या पुस्तकात लिहिलं होतं, साधारण दहा. पण ते अमेरिकेतल्या माणसांना मोजून लिहिलेलं. आमच्या डॉक्टरम्मांना प्रश्न पडला, आमच्या माणसांचं काय? इडली खाणाऱ्याचा किल्ला आणि पाव खाणाऱ्याचा किल्ला एकाच वेळी पडतो का? औषध दिलं तर दोघं सारखेच सावरतात का?

हा प्रश्न एका अमेरिकेतल्या प्रोफेसरालाही पडला होता. त्र्याण्णव साली दोघांनी मिळून अभ्यास काढला. तिकडे त्यांचे रोगी, इकडे आमचे साठ रोगी, तोच फॉर्म, तेच प्रश्न, दर सहा महिन्यांनी तीच मोजणी. शिपाई मोजायचं यंत्र मद्रासला. कुंभकोणात रक्त काढायचं आणि रेल्वेनं मद्रासला न्यायचं. नेणार कोण? तुमच्यासमोर बसलाय तो.

आता माझी ख्याती अशी की वीस वर्षं मी पोलिओची लस गावोगाव नेली आणि एक थेंब कधी तापू दिला नाही. लस थंड राहिली पाहिजे, हे माझ्या हाडांत गेलेलं. या रोगाची पहिली तपासणी, आजार आहे की नाही एवढंच सांगणारी, त्यासाठी रक्त साकळल्यावर सुटणारं पाणी मी बर्फातून नेत असे, ते ठीकच होतं. मग मोजणी सुरू झाली तेव्हाही मी काही विचारलं नाही. कंपाउंडर राव बर्फाबद्दल कुणाला विचारणार? मीच लोकांना सांगत असे. पत्र्याची पेटी, तळाशी भुसा, त्यावर बर्फाच्या कारखान्यातून फोडून आणलेले खडे, त्यात नळ्या अशा खोचायच्या की नुसती टोपणं दिसावीत. ती पेटी इतकी थंड असे की मे महिन्यात आमच्या डब्यातले प्रवासी विळुप्पुरम्‌नंतर घोंगड्या काढायचे. एकदा मद्रासच्या एळुंबूर स्टेशनवर पेटीवर कावळा बसला, तो तिथेच चिकटला. हमालानं गरम कॉफी ओतून सोडवला.

‘कॉफी वाया गेली,’ कोपऱ्यातली बाई म्हणाली.

‘तुम्ही ओता,’ मी म्हणालो. ‘मी सांगतो.’

तर आमच्या साठ जणांत एक बाई होती. तिला आपण शिवकामी म्हणू. नवरा लॉरीवर होता. तो आजार घरी घेऊन आला आणि स्वतः निघून गेला. पाठीमागे ही आणि पाच वर्षांची मुलगी अभिरामी. शिवकामी विड्याची पानं भरायचं काम करायची. कुंभकोणची पानं कुठं कुठं जातात तुम्हाला ठाऊक आहेच. पानं मोजून कवळी, म्हणजे जुडी, बांधायची, केळीच्या खोडाच्या ओल्या सोपटात गुंडाळायची, टोपलीत उभी लावायची आणि वरून पुन्हा सोपट. चार दिवसांनी मुंबईत टोपली उघडली तरी पान मळ्यातल्यासारखं.

पहिल्या मोजणीच्या दिवशी तिचं रक्त काढून मी नळी बर्फात खोचली तर ती म्हणाली, ‘ऐय्या, हे काय करता? पानाला बर्फ लागला की पान काळं पडतं. बर्फाचं थंड वेगळं, सावलीतलं गार वेगळं. हे तर जिवंत रक्त.’

मी हसलो. म्हणालो, ‘अम्मा, तू पानं बघ, मी रक्त बघतो.’

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत महागडं वाक्य आहे.

आकडे यायला लागले. आमच्या साठ जणांचे आकडे बघून डॉक्टरम्मांचा चेहरा उतरला. शंभर, ऐंशी, दीडशे. शेतात लावणी करणारी बाई, आकडा सत्तर! तिकडून प्रोफेसराचं पत्र आलं. फार खूश होता बिचारा. लिहितो, तुमच्या लोकांच्या रक्तातच काहीतरी कमी दिसतं, तुमच्याकडे आजार दुप्पट वेगानं धावतो, हे छापायला हवं. फक्त नियम म्हणून दहा निरोगी माणसांचं रक्तही पाठवा, तुलनेला.

त्याच टपालात शिवकामीचा आकडा होता. नव्वद.

डॉक्टरम्मांनी तिला समोर बसवून खरं ते सांगितलं. म्हणाल्या, ‘पुस्तकाप्रमाणे वर्ष, फार तर दीड. पण पुस्तक म्हणजे देव नव्हे.’ शिवकामी रडली नाही. तिनं विचारलं, ‘पोरीला अजून लागण नाही ना?’ नव्हती. ‘मग बरं,’ म्हणाली आणि उठली.

तिची नणंद सुब्बलक्ष्मी आडुतुरैला. स्वतःला मूलबाळ नाही, घर बरं. ती केव्हाची म्हणत होती, पोर मला दे. पण अट घालून. पोर एकदा आली की आई म्हणून मीच. तू यायचं नाहीस, पत्र नाही, पोंगलला फ्रॉक पाठवणं नाही. तिला दोन आया नकोत आणि तुझ्या आजाराचं नावही नको. शिवकामीनं दोन वर्षं नाही म्हटलं होतं. आता नव्वद आकडा हातात घेऊन ती हो म्हणाली. पुढच्या गुरुवारी पोर पोचवायची. कुंभकोणात राहुकाळात कुणी लेकराला परक्या घरी धाडत नाही. गुरुवारचा राहुकाळ दीड ते तीन. म्हणजे तीनची मायिलाडुतुरैची बस, आडुतुरै त्याच वाटेवर.

‘आणि ऐय्या, तुमचा एकशे दहा?’ त्यागराजनं विचारलं. त्याची चिठ्ठी आता मांडीवर उघडी पडली होती.

तिकडेच येतोय.

दहा निरोगी माणसं शोधायची होती. एक डॉक्टरम्मा स्वतः. एक मी. एक देवळाच्या मडपळ्ळीतला, म्हणजे देवाच्या स्वयंपाकघरातला, आचारी स्वामीनाथ, जो एका हातानं पुळियोदरैचा, चिंचभाताचा, हंडा उतरवतो. बाकीचे असेच. आधी तपासून घेतलं, कुणालाही आजार नाही. मग रक्त काढलं, मी बर्फात खोचलं, नेलं.

त्या गुरुवारी सकाळी पाकीट आलं. डॉक्टरम्मा मीटिंगला तंजावरला गेलेल्या. पाकीट मीच फोडलं. स्वामीनाथ, एकशे पाच. डॉक्टर अंबुजा, एकशे चाळीस. वेणुगोपाळ राव, एकशे दहा.

मी स्टुलावर बसलो. आजार नाही आणि शिपाईही नाहीत! म्हणजे हा काहीतरी नवाच रोग, आणि गावातल्या धडधाकट माणसांना लागलेला. प्रोफेसराचं खरं होतं. आमचं रक्तच पातळ. दवाखान्याला कुलूप लावलं आणि मरायला घरी गेलो.

माझी बायको वेदवती. तिला म्हणालो, ‘वेदवती, बैस. माझ्याकडे वर्ष आहे, फार तर दीड.’

ती म्हणाली, ‘आधी जेवून घ्या.’

जेवलो. डोळ्यांत पाणी, तोंडात रसम्-भात. आयुष्यातलं शेवटचं रसम् म्हणून पुन्हा मागितलं. मग तिसऱ्यांदा मागितलं. तेव्हा वेदवतीनं पळी खाली ठेवली.

‘काये हो,’ म्हणाली, ‘मरायला निघालेला माणूस तीनदा रसम् मागतो? आणि तो स्वामीनाथ? सकाळी देवळात बघितला त्याला, खांद्यावर तांदळाचं पोतं होतं. तो मरणार? अहो, सगळ्यांचंच रक्त एकदम बिघडत नसतं. अख्ख्या गल्लीचं दूध नासलं तर गाईंना दोष देता की दूधवाल्याच्या कळशीला?’

मी म्हणालो, ‘कळशी?’

‘तुमची ती पेटी.’

घास हातातच राहिला. पानाला बर्फ लागला की पान काळं पडतं. थंड वेगळं, गार वेगळं. साठ माणसांचे शिपाई विषाणूनं खाल्ले नव्हते. निदान सगळे नव्हते. मीच ते रेल्वेत बर्फात घालून मारले होते. माझा आकडा खोटा, स्वामीनाथचा खोटा, तर शिवकामीचा नव्वदही खोटा. आणि त्या खोट्या नव्वदावर ती पोर देऊन टाकायला निघालेली.

भिंतीवरच्या घड्याळात तीनला पाच कमी.

आता ऐका, आणि मध्ये बोलू नका.

मी सायकल काढली. हात धुवायला थांबलो नाही. आमच्या गल्लीतून बसस्टँड दहा मिनिटं, मी चार मिनिटांत पोचलो, पण बस तीनची असूनही दोन मिनिटं आधी सुटली होती. आमच्या मुलखात बस उशिरा सुटते, लवकर सुटली ती इतिहासात त्या एकाच दिवशी. मी मागे लागलो. मायिलाडुतुरै रस्ता, डोक्यावर ऊन. सायकल अशी पळवली की भर दिवसा डायनामोचा दिवा लागला आणि समोरून येणारे बैल डोळे मिटून उभे राहिले. चाकांना तव्यावरच्या दोशासारखा वास यायला लागला. बस दिसत होती, पण हाती लागेना. मागच्या काचेत अभिरामीचा चेहरा. ती मला हात करत होती.

तिरुभुवनम् आलं. रस्त्याच्या कडेला विणकरांनी रेशमाचा ताणा, साडीचे उभे धागे, पसरलेला. लाल रेशीम, बारा वाव लांब, लग्नाच्या साडीचं. मी ओरडलो, ‘अरे, रस्त्यावर आडवा धरा!’

‘ऐय्या,’ त्यागराजला राहवलं नाही. ‘ताणा आम्ही पहाटे पसरतो. तीन वाजताच्या उन्हात रेशीम तुटेल.’

‘त्या दिवशी ढग होते.’

‘आत्ता म्हणालात, डोक्यावर ऊन.’

‘रस्त्यावर ऊन होतं. ताण्यावर ढग होते. ऐकायचंय की नाही?’

ओसरीवर कुणीतरी फिसकन हसलं. हसणारा त्यागराजच होता.

तर विणकरांनी ताणा उचलला आणि रस्त्यावर आडवा धरला. समोरून बस. तुम्हीच सांगा, नवरीच्या साडीच्या रेशमावरून चाक घालेल असा ड्रायव्हर कावेरीच्या खोऱ्यात जन्मलाय का? त्याच्या स्वतःच्या घरी तीन मुली! त्यानं असा ब्रेक मारला की टपावरची केळी पुढे जाऊन रेशमाच्या झोळीत पडली, एकही न दबता. मी बसमध्ये चढलो. शिवकामीपुढे जाऊन म्हणालो, ‘अम्मा, उतर. मी पानं बघायला हवी होती.’ अख्खी बस उभी राहिली. कंडक्टरनं शिट्टी वाजवली, तीही सुरात.

असो. पोर घरी आली.

संध्याकाळी डॉक्टरम्मा तंजावरहून परतल्या. मी पाकीट आणि पेटी दोन्ही त्यांच्यापुढे ठेवून उभा राहिलो. इतक्या वर्षांत त्या मला एकदाच रागावल्या. किती, ते सांगत नाही, कारण ते खरं आहे. मग त्यांनी प्रोफेसराला तार केली, छापू नका. आणि शिवकामीला बोलावून विचारलं, ‘तू असतीस तर कसं नेलं असतंस?’

तिनं टोपली आणली. नळ्या कवळीसारख्या एकत्र बांधल्या, सुक्या फडक्यात गुंडाळल्या, भोवती ओलं सोपट, मध्ये हवा खेळायला जागा. बर्फाचा खडाही नाही. मी हात घालून बघितला. थंड नव्हती. गार होती. साठच्या साठ जणांचं रक्त पुन्हा काढलं, दहा निरोगी माणसांचंही. मद्रासचा यंत्रवाला टोपली बघून म्हणाला, ‘राव, लग्नाला आलात का?’

नवे आकडे आले. स्वामीनाथ, आठशे. मी सातशे वीस. शिवकामी, पाचशे चाळीस.

आणि आता जे सांगतो त्यात माझी भर नाही. औषधाची गोष्ट आली म्हणजे मी सरळ चालतो. सगळेच आकडे काही सुधारले नाहीत. ज्यांना क्षय होता, जे चालवेनासं झाल्यावर आले, त्यांचे कमीच निघाले. आमची निरोगी माणसंही तिकडच्या निरोगी माणसांपेक्षा थोडी खालीच होती. ते का, डॉक्टरम्मा अजून शोधतायत. पण पुढची वर्षं मोजून त्यांनी दाखवलं की मोठा फरक रक्तात नव्हता. तिकडचा माणूस पहिल्या वर्षी डॉक्टरकडे येतो, आमचा सातव्या. तिकडे खोकला आला की तपासतात, आमच्याकडे देवाला नवस बोलतात. ज्यांनी क्षयाच्या गोळ्या पुऱ्या केल्या, इतर आजार दूर ठेवणारी रोजची साधी गोळी चुकवली नाही, पोटभर जेवले, ते आमचेही टिकले. तिकडची नवी भारी औषधं इकडे कुणाला परवडतात? तोही फरकच. तो तर दुकानातच दिसतो, त्याला यंत्र लागत नाही. प्रोफेसरानं नंतर जे छापलं त्यात ‘रक्तातच कमी’ हे शब्द नव्हते. केळीच्या सोपटाचा उल्लेख मात्र होता. तळटीपेत, बारीक अक्षरात, पण होता.

‘तेव्हा त्यागराजा, तुझा दोनशे दहा. रक्त टोपलीतूनच गेलं होतं ना?’

‘हो, ऐय्या.’

‘मग तो खरा आहे. खरा आकडा चांगला असतो, त्याच्याशी बोलता येतं. आत जा, खोकला असेल तर सांग, लपवू नकोस, देतील त्या गोळ्या घे.’

त्यानं चिठ्ठीची एकदाच घडी घातली आणि खिशात ठेवली. मग म्हणाला, ‘पण ऐय्या, बस रेशमानं थांबली हे काही...’

‘पुरावा हवाय?’ मी म्हणालो. ‘त्या सायकलची घंटा अजून माझ्या घरी आहे. पितळेची. येत्या शनिवारी आणतो. वाजवून बघ, त्या वेगानं तिचा आवाज अजून थोडा पुढे पुढे पळतो.’

कोपऱ्यात पितळी पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला.

‘खोटं!’ कॉफी ओतणारी बाई म्हणाली. ओसरीवरचे सगळे तिच्याकडे वळले. हात पदराला पुसत ती पुढे आली. ‘इतकी वर्षं ऐकतेय, दर वेळी बस पुढे पळतेय. मी त्या बसमध्ये चढलेच नव्हते! पोरीला मांडीवर घेऊन स्टँडवर बसले होते. तीनची सोडली, सव्वातीनची सोडली, चार गाड्या सोडल्या, पाय उचलेना. हे आले ते चालत, एका पायात चप्पल, हाताला रसम्, आणि माझ्यासमोर उभे राहून लहान मुलासारखे रडत नुसतं बर्फ, बर्फ म्हणत होते. आणि घंटा कसली आणताय, राव ऐय्या? तुम्हाला सायकल चालवता येते कुठे?’